आजींच्या शेजारी बसून

आज कॅनडातल्या विनिपेगमध्ये एका मेटी आजींकडे मणिकामाला बसले. मेटी म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा दोन्हीकडच्या पूर्वजांतून घडलेला इथला मूळनिवासी समाज. शिकवणं असं वेगळं झालंच नाही. त्या कापडावर फूल भरत होत्या, आम्ही बघून करत होतो. दोन सुया असतात: एकीत मणी ओवायचे, दुसरीने दर दोन-तीन मण्यांनंतर दोरा कापडावर टाचायचा. कुणी अडलं की शेजारची बाई आपलं काम बाजूला ठेवून दाखवायची, आणि तेवढ्यात कुणाच्या मामाची, कुणाच्या बाळंतपणाची गोष्ट निघायची. मला तर त्या गोष्टीच जास्त आवडल्या.

काचेचे मणी इथे युरोपातून आले, फरच्या व्यापाराबरोबर. त्याआधी साळिंदराचे काटे रंगवून नक्षी करत. पुढे सरकार आणि चर्चच्या निवासी शाळांनी मूळनिवासी मुलं आई-आजीपासून तोडली, आणि भाषेसारखंच हेही कित्येक घरांतून गेलं. म्हणून आज कुणाच्या तरी शेजारी बसून शिकणं इतकं मोलाचं आहे. व्हिडिओत टाका दिसेल, आजी नाही भेटणार.

२०१२ साली क्रिस्टी बेलकोर्ट या मेटी चित्रकर्तीने बेपत्ता झालेल्या आणि मारल्या गेलेल्या मूळनिवासी स्त्रियांच्या स्मरणार्थ मोकॅसिनचे, म्हणजे मऊ चामड्याच्या पारंपरिक जोड्यांचे, फक्त वरचे, मणी भरलेले भाग मागवले. ६०० जोड्या मागितल्या, १६०० हून जास्त आल्या. पूर्ण जोडे मुद्दामच केले नाहीत, कारण त्या बायकांची आयुष्यं अर्धी राहिली. हे ऐकल्यावर मला बराच वेळ सुई ओवता येईना.

पुढच्या वेळी लेकीलाही नेणार आहे. आजींना विचारलंय, त्या ‘आण’ म्हणाल्या.