"कर तुला काय करायचंय ते"

आज एफवायच्या पोरांना शॅननचं संवादाचं मॉडेल शिकवलं. १९४८ सालचं. प्रेषक, माध्यम, ग्राहक आणि मधला 'नॉइज'. पंखा इतका खडखडत होता की उदाहरण शोधावं लागलं नाही. शॅनन बेल लॅब्जमधला गणिती माणूस. त्याला काळजी संदेश तारेतून नीट पोचतो का याची. अर्थाशी आपल्याला कर्तव्य नाही, असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, रविवारी ट्रेकला जाऊ का विचारलं तर आई म्हणाली, 'कर तुला काय करायचंय ते.' शब्द तर सगळे नीट पोचले."

"मग गेलीस?"

"छे! भांडी कशी आपटत होती ती!"

अख्खा वर्ग हसला. प्रत्येक संदेशात मजकूर असतो आणि सोबत नात्याबद्दलचंही काहीतरी असतं, हे मानसशास्त्रज्ञ वॉट्झलाविक आणि मंडळींनी १९६७ मध्ये मांडलं. त्यासाठी मी पुढच्या आठवड्यात दोन तास राखून ठेवले होते. पाच मिनिटांत उरकलं.

लगेच एकाचा हात वर. "म्हणजे ९३ टक्के संवाद शब्दांविना असतो ना, सर?" हा आकडा दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी चिडतो. अरे, हा आकडा ज्यातून आला ते मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग भावना ओळखण्यापुरते, तेही एकेका सुट्या शब्दावर. नाहीतर तेलुगू सिनेमा म्यूट करून कळला नसता का?

घरी पोचायला साडेनऊ झाले. बायको म्हणाली, "जेवण झाकून ठेवलंय."

मजकूर अगदी स्पष्ट होता.