माघारीचा हुकूम देणारा सेनापती

जपानी लष्करात वरिष्ठांचा हुकूम मोडणे जवळजवळ अशक्य मानले जाई, आणि म्हणूनच लेफ्टनंट जनरल कोतोकू सातो यांच्याविषयी वाचताना मी दर वेळी १९४४ च्या मे महिन्यापाशी येऊन थांबतो. १८९३ साली यामागाता प्रांतात जन्मलेल्या सातोंनी १९३८ मध्ये सोव्हिएत सीमेवरील चांगकूफेंगच्या लढाईत एका रेजिमेंटचे नेतृत्व केले होते. लढाईला कचरणारा हा माणूस नव्हे.

मार्च १९४४ मध्ये ब्रिटिश भारतावरील चढाईसाठी त्यांच्या ३१ व्या डिव्हिजनने ब्रह्मदेशातील चिंदविन नदी ओलांडली, तेव्हा सैनिकांजवळ जेमतेम तीन आठवड्यांचा शिधा होता. सोबत हाकत नेलेली गुरे आधी ओझे वाहतील आणि मग खाण्याच्या कामी येतील, असा १५ व्या आर्मीचे प्रमुख रेन्या मुतागुची यांचा हिशेब होता. त्यातली कित्येक जनावरे नदीत आणि डोंगरवाटांवरच मेली. वाटेत मणिपूरमधील सांगशाकला ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने, जिच्यासोबत मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटणही होती, निकराची झुंज दिली आणि शिध्याचे मोलाचे दिवस तिथेच खर्ची पडले.

एप्रिलमध्ये कोहिमाला डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यापाशी टेनिस कोर्टाच्या दोन कडांना दोन्ही सैन्ये खंदकांत बसून एकमेकांवर हातबॉम्ब फेकत होती. ब्रिटिश-भारतीय सैनिकांना विमानांतून रसद मिळत होती. सातोंना कबूल केलेली रसद मात्र आलीच नाही. मेच्या अखेरीस त्यांनी माघारीचा निर्णय कळवला. मुतागुचींनी कोर्ट मार्शलची धमकी दिली, तरीही माघार सुरू झालीच. मला हा त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत धैर्याचा निर्णय वाटतो, पण तो फार उशिरा आला, हेही तितकेच खरे. परतीच्या चिखलवाटेवर भूक, मलेरिया आणि आमांशाने असंख्य सैनिक दगावले.

जुलैमध्ये सातोंना पदावरून दूर करण्यात आले. सेप्पुकूचा, म्हणजे पोट चिरून आत्महत्या करण्याचा, मार्ग त्यांनी साफ नाकारला आणि स्वतःच कोर्ट मार्शलची मागणी केली, कारण रसदीची सारी हकीकत त्यांना तिथे जाहीरपणे मांडायची होती. ब्रह्मदेशातील सर्वोच्च जपानी सेनाधिकारी मासाकाझू कावाबे यांना ते परवडणारे नव्हते. डॉक्टरांकरवी सातोंना मानसिकदृष्ट्या अस्वस्थ ठरवण्यात आले आणि तो खटला उभा राहिलाच नाही.