तुम्ही विचारलंत म्हणून: देवाशी एकरूप होणं आमच्यातही आहे

मी ख्रिस्ती आहे हे कळलं की इथल्या, इंदूरच्या मराठी मंडळींकडून एक प्रश्न हमखास येतो. रामबागेतल्या शेजारच्या काकूंनी तो असा विचारला होता: "तुमच्यात देवाशी एकरूप होणं असतं का गं? की चांगलं वागायचं आणि मेल्यावर स्वर्गात जायचं, एवढंच?"

असतं. आणि ते कुठे कोपऱ्यात नाही, श्रद्धेच्या गाभ्यातच आहे. बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रात, पहिल्याच अध्यायात, आपण देवाच्या स्वभावाचे वाटेकरी व्हावं असं स्पष्ट लिहिलंय. चौथ्या शतकातले अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस तर त्याहून पुढे गेले. आपण देव व्हावं म्हणून देव माणूस झाला, असं ते म्हणाले. त्या काळी आरियस नावाचे धर्मगुरू शिकवत होते की ख्रिस्त सर्वांत श्रेष्ठ खरा, पण देवाने निर्माण केलेलाच. 325 साली निकायाच्या परिषदेने हे मत नाकारलं, तरी वाद धुमसतच राहिला आणि अथनासियस यांना पाचदा हद्दपारी भोगावी लागली. त्यांचं म्हणणं साधं होतं: जो स्वतःच देव नाही, तो आपल्याला देवाशी जोडणार कसा? ख्रिस्त कोण आणि आपलं तारण, म्हणजे उद्धार, कशात, हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकाच गाठीत बांधले. ख्रिस्ती विचारात याच्याइतकं मोलाचं मला दुसरं काही वाटत नाही.

इथवर आलं की समोरचा म्हणतो, "म्हणजे अद्वैतच की!" तिथे मी थांबवते. आपण मुळात देवच आहोत, फक्त त्याचा विसर पडलाय, असं आम्ही मानत नाही. त्याने आपल्याला निर्माण केलं आणि आपण कायम त्याची निर्मितीच राहणार. जुन्या आचार्यांचा एक आवडता दाखला आहे. भट्टीत घातलेलं लोखंड लालबुंद होतं, प्रकाश देतं, हात लावाल तर पोळतं. हे सगळे गुण विस्तवाचे, पण लोखंड लोखंडच राहतं. भट्टीतून बाहेर काढलं की निवतं. म्हणून रोजची प्रार्थना, म्हणून मिस्सा, म्हणजे चर्चमधली आमची मुख्य उपासना.

चौदाव्या शतकात ग्रीक धर्मगुरू ग्रेगरी पालामास यांनी हेच वेगळ्या रीतीने मांडलं. देवाचं मूळ सार आपल्या हाती कधीच लागत नाही, पण त्याची कृपाशक्ती म्हणजे खुद्द तोच असतो आणि तिच्यात आपण खरोखर सहभागी होतो. ऑर्थोडॉक्स, म्हणजे पूर्वेकडच्या परंपरेतली ख्रिस्ती मंडळी आजही असंच शिकवतात. आम्हा कॅथलिकांची मांडणी निराळी आहे, तरी मला यातून पुष्कळ उलगडतं.

काकू भजनी मंडळातल्या. त्या म्हणाल्या, "मग तुकोबांनी तरी दुसरं काय मागितलं? ब्रह्मज्ञान नको, तू देव आणि मी भक्त असंच राहू दे." हे मला फार जवळचं वाटतं. दोघं उरले तरच प्रेम उरतं. आमच्याकडे त्यात एक भर आहे: देवाने माणसाचा देह घेतला आणि तो पुढे टाकून दिला नाही. त्यामुळे हे हाडामांसाचं शरीरही या मिलनातून वगळलेलं नाही.

कधी इथल्या लाल चर्चमध्ये मिस्साला आलात तर पुढच्या बाकावर बसा. अर्पणाच्या वेळी फादर प्याल्यातल्या द्राक्षारसात थोडंसं पाणी घालतात आणि हळू आवाजात म्हणतात की ज्याने आमच्या मनुष्यपणात भाग घेतला, त्याच्या देवपणात आम्हाला भाग मिळो. तेव्हा बहुधा गाणं चालू असतं, म्हणून मागे काही ऐकू जात नाही. अथनासियस यांचं सगळं म्हणणं त्या एका प्रार्थनेत आहे.

"पण प्रत्यक्षात हे दिसतं कुठे?" असंही विचारतात. तेव्हा मी सिस्टर राणी मारियांबद्दल सांगते. त्या मूळच्या केरळच्या, उदयनगरला गरीब शेतमजुरांमध्ये काम करायच्या. 25 फेब्रुवारी 1995 रोजी इंदूरला येताना बसमध्ये त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यांचा खून झाला. पुढे त्यांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. एवढी क्षमा माणसाला एकट्याच्या बळावर जमते यावर माझा विश्वास नाही. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदुरातच राणी मारियांना 'धन्य' घोषित करण्यात आलं, ही संतपदाच्या आधीची पायरी. त्यांची कबर उदयनगरला आहे. मी पुन्हा जाणारच आहे, यायचं असेल तर सांगा.