बाहेरची धार

वयाच्या 41व्या वर्षी फिगर स्केटिंग शिकू लागल्यापासून माझे सारे लक्ष बुटाखालच्या एका पात्यावर एकवटले आहे. जेमतेम 4 मिलिमीटर रुंदीच्या त्या पात्याच्या तळाला मधोमध पन्हळ असते, तिच्यामुळे आतली आणि बाहेरची अशा दोन धारा तयार होतात, आणि स्केटिंगच्या चाचणीत शरीराचा तोल नेमका कोणत्या धारेवर आहे हे बारकाईने पाहिले जाते. थ्री-टर्नमध्ये एकाच पायावर पुढून मागे वळताना धार बदलते आणि बर्फावर तीनच्या आकड्यासारखी खूण उमटते. (पात्याने बर्फावर ठरलेले आकार काढायला लावून अशा रेषांची कसोटी पाहणाऱ्या सक्तीच्या आकृत्या 1990नंतर आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून वगळल्या गेल्या, याची मला मनापासून खंत वाटते.) माझ्या डाव्या पायाचे वळण अजून घसरते, म्हणून नेरूळच्या घरी रोज पहाटे, मोजे घालून, गुळगुळीत फरशीवर खांदे आधी आणि कंबर नंतर वळवण्याचा सराव मी करते.