साठ वर्षं झाली, हे यंत्राला कोण सांगणार?

परवा पुन्हा एक दावा आला. ‘मानापमाना’तलं पद, १९३० च्या दशकातली तबकडी, तीन-सव्वातीन मिनिटं गाणं आणि भरपूर खरखर. व्हिडिओ चढवून चहा ठेवला, आधण येईपर्यंत मंचाच्या यंत्राचा निरोप हजर: तुमच्या व्हिडिओत दुसऱ्याच्या मालकीचं संगीत आढळलं आहे, यापुढे जाहिरातींचं उत्पन्न मालकाला जाईल. मी जाहिराती लावतच नाही. म्हणजे आता त्या लागणार, आणि पैसे जाणार ज्यांनी ही तबकडी कधी हातात धरलेलीसुद्धा नाही त्यांना.

कंपनीचं आणि त्या व्हिडिओ-मंचाचं नाव घेत नाही. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं.

आधी हिशेब मांडते. आयुष्यभर खातेवह्या तपासल्यात, सवय जात नाही. एका नाट्यपदात तीन वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. भारतात शब्द आणि चाल यांचे हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतात. ‘मानापमान’ १९११ चं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर गेले १९४८ साली, म्हणजे शब्द २००८ अखेर मोकळे झाले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या. ते १९५५ साली गेले, म्हणजे चाल २०१५ अखेर मोकळी. राहिलं ध्वनिमुद्रण. त्याची मुदत गायिकेच्या आयुष्यावर ठरत नाही, तबकडी बाजारात आली त्या वर्षापासून मोजतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ती पन्नास वर्षं होती. तबकडी अगदी १९३९ ची धरली तरी १९८९ अखेर विषय संपला.

पन्नासची साठ झाली ती नंतर, आणि तीही रवींद्रनाथांमुळे. ते गेले १९४१ साली, त्यामुळे त्यांच्या विश्वभारती संस्थेकडचे त्यांच्या लेखनाचे हक्क १९९१ अखेर संपणार होते. ते वाचवायला सरकारने आयत्या वेळी अध्यादेश काढला, पुढे १९९२ मध्ये कायदा बदलला. एका कवीसाठी सगळ्या देशाची मुदत दहा वर्षांनी वाढली. पण तोवर जे मोकळं झालं होतं, त्याला पुन्हा कुलूप लागलं नाही. आणि आजची साठ वर्षं लावली तरी १९६४ पर्यंत बाजारात आलेली प्रत्येक भारतीय तबकडी आता सगळ्यांची आहे.

हे सगळं त्या यंत्राच्या गावीही नाही. ते काय करतं? कंपन्यांनी दिलेल्या गाण्यांचे ध्वनिठसे साठवतं आणि तुम्ही काही चढवलं की त्याचा ठसा त्यांच्याशी ताडून पाहतं. जुळला की दावा. ठसा कुठल्या सालचा, मुदत संपली की नाही, हे विचारायची सोयच नाही. कुणीतरी कधीतरी जुन्या पदांची कॅसेट काढली, पुढे तिची सीडी झाली, ती फाइल यंत्रात गेली, आणि मूळ तबकडीसुद्धा त्यांच्या नावावर लागली. मी त्यांची कॅसेट वाजवत नाहीये. माझ्याकडे लाखेची तबकडी आहे, लेबलचा फोटो आहे, तबकडीवर कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या मुद्रणाचा क्रमांक आहे. पण यंत्र नंबर वाचत नाही.

बरं, हरकत घेता येते. ती जाते कुणाकडे? ज्याने दावा केला त्याच्याकडेच. फिर्यादी तोच, न्यायाधीशही तोच. त्याने ‘दावा कायम’ म्हटलं की पुढच्या पायरीवर तुमच्या खात्याला धोका. एवढं वाचून बहुतेक लोक गप्प बसतात. मी बसत नाही, पण मी निवृत्त आहे, मला वेळ आहे.

गंमत म्हणजे आपला कायदा इतका एकतर्फी नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्पष्ट आहे: लेखी तक्रार आली की मंचाने तो मजकूर एकवीस दिवस रोखावा, आणि तेवढ्यात तक्रारदाराने न्यायालयाचा आदेश आणला नाही तर पुन्हा दाखवायला मोकळं. म्हणजे दावा करणाऱ्याला न्यायालयाची पायरी चढावी लागते. ठशांची यंत्रणा या वाटेने जातच नाही. ती खात्याच्या अटींवर चालते, ज्यांना आपण न वाचता ‘मान्य’ म्हटलेलं असतं.

न्यायालयात प्रश्न विचारले जातात, हा फरक मोठा आहे. २०१२ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या एका आदेशाचा आधार घेऊन इंटरनेट कंपन्यांनी दोन चित्रपटांसाठी व्हिमिओसारखी आख्खी संकेतस्थळं बंद केली होती. शेवटी न्यायालयालाच सांगावं लागलं की नेमके दुवे रोखा, सगळं नको. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेलांनी रोखायच्या दुव्यांची लांबलचक यादी बघून आधी हेच विचारलं की हे दुवे तपासले कुणी? पडताळणी करून आणा, मग बघू. चित्रपट ताजा होता, पायरसी खरी होती, निर्मात्याचं नुकसानही खरं होतं, तरीही विचारलं. माझ्या नव्वद वर्षांच्या तबकडीबद्दल कुणी काही विचारत नाही.

अमेरिकेत तर हे प्रकरण आणखी जड आहे. तिथे १९२३ पूर्वीची ध्वनिमुद्रणं मोकळी व्हायला २०२२ साल उजाडलं. तिथल्या इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाने ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या जपायचा मोठा प्रकल्प हाती घेतला, तर ऑगस्ट २०२३ मध्ये बड्या संगीत कंपन्यांनी २,७४९ ध्वनिमुद्रणांवर खटला भरला. तिथल्या कायद्यात एका गाण्यामागे दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई मागता येते. गुणाकार तुम्हीच करा. पुढे तडजोड झाली, पण तोवर इतर छोट्या संग्राहकांनी घ्यायचा तो धसका घेतलाच असणार.

या तबकड्यांवर किती काम असतं ते एकदा सांगते. लाखेला स्पिरिट लावलं की ती विरघळते, म्हणून फक्त डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश. एलपीची सुई चालत नाही, खाच रुंद असते, तिला तीन मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते. आणि ७८ हा आकडा नावापुरता. त्या काळची मुद्रणयंत्रं थोड्या कमीजास्त वेगाने फिरत, त्यामुळे सरळ ७८ वर वाजवलं तर बाईंचा आवाज चिरका येतो. मी पेटी घेऊन बसते. ऑर्गनचा सूर पेटीच्या पट्टीला मिळेपर्यंत वेग कमीजास्त करायचा. या पदाला तो काळी दोनवर नीट बसला आणि मग कुठे तानेतला जोर खरा वाटायला लागला. कंपनीच्या सीडीवर हेच पद अर्ध्या पट्टीने वर आहे! तरी ठसा जुळला, म्हणजे तंत्रज्ञान उत्तम आहे यात शंका नाही. हेच यंत्र उद्या निनावी तबकड्यांवरचे गायक ओळखायला वापरलं तर मराठी संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांचं निम्मं काम होईल. पण त्याला कामाला लावलंय वसुलीच्या.

खरे हक्क बुडवा, असं माझं म्हणणं नाही. आजच्या गायकाचा, वादकाचा पैसा त्यालाच मिळाला पाहिजे. मला राग आहे तो खोट्या दाव्याला काहीच किंमत मोजावी लागत नाही याचा. आपल्या कायद्यात कलम ६० आहे: कुणी हक्क नसताना कारवाईच्या धमक्या देत असेल तर आपण उलट दावा लावून त्या थांबवायची मागणी करू शकतो. पण एका नाट्यपदासाठी वकील कोण करणार? चुकीचे दावे ठरावीक संख्येच्या वर गेले की त्या कंपनीचा ठशांचा अधिकार काही महिने गोठवा, एवढा एक नियम झाला तरी निम्मी भानगड मिटेल.

तोवर, तुमच्या घरी माळ्यावर तबकड्या असतील तर चढवण्याआधी दोन्ही बाजूंच्या लेबलांचे फोटो काढा आणि लेबलजवळच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला नंबर टिपून ठेवा. हरकतीच्या चौकटीत लिहिताना कवीचं, संगीतकाराचं मृत्युवर्ष आणि तबकडीचं साल अशा तीनच ओळी लिहा, भावना लिहू नका. मराठीत लिहिलेली हरकत वाचली जात नाही असा माझा अनुभव आहे, त्यामुळे नाइलाजाने इंग्रजीत. माझा मसुदा हवा असेल त्यांनी खाली मागा, पाठवते. या पदाची हरकत काल रात्री टाकली आहे.