पाय डोळ्यांनी बघायचे

आळंदीहून पंढरपूरला जाणाऱ्या माउलींच्या वारीत पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, त्यात दिवे घाट, त्यात एकादशीचा उपास. घरी आल्यावर जो तो विचारतो, घाट कसा चढलीस? चढले. टाळांच्या आवाजात घाट कळत नाही. मला सांगायचंय ते बरड ते नातेपुते या वाटेवरच्या एका दुपारचं.

२०२२ साली माझ्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. मग केमो. आधी ते लाल औषध, तीन-तीन आठवड्यांनी ४ वेळा, नंतर दुसरं, दर आठवड्याला एक असं १२ वेळा. शेवटी १५ दिवस शेक, म्हणजे रेडिएशन. केस परत आले, चव परत आली. पायांची बोटं काही परत आली नाहीत. त्या १२ आठवड्यांच्या औषधाने नसा दुखावतात. माझे तळवे रात्री जळतात आणि दिवसा बधिर असतात. चप्पल निसटली तरी चार पावलं पुढे गेल्यावर कळतं. २०२४ च्या वारीला जाते म्हटल्यावर डॉक्टरांनी अडवलं नाही, दोन गोष्टी बजावल्या. डाव्या हाताने ओझं उचलायचं नाही, त्या हाताला ओरखडासुद्धा नको, नाहीतर हात सुजेल. आणि पाय रोज संध्याकाळी डोळ्यांनी बघायचे. "तुमचे पाय तुम्हाला काही सांगणार नाहीत," असं म्हणाले.

फलटणपर्यंत रोज बघितले. पण दिवस एकमेकांत मिसळत गेले होते. पहाटे तीनला टँकरपाशी रांग, अंधारात कशीबशी अंघोळ, डाव्या बाजूवर टॉवेल दाबून धरलेला. काकडा, चालणं, हरिपाठ, पिठलं-भाकरी, राहुटीत शेजारणीचं घोरणं. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, अश्व हातभर अंतरावरून गेला, टापांखालची माती कपाळाला लावली, एवढं स्वच्छ आठवतं.

बरडच्या मुक्कामी राहुटीतल्या एकीने माझ्या हातावरची घट्ट बाही बघितली आणि काय झालंय ते खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं. तर म्हणाली, "मागल्या जन्मीचं काहीतरी असणार, म्हणून इथं फेडायला आणलंय माउलींनी." दिवसभर सगळ्यांना माउली म्हणणाऱ्या तोंडातून हे ऐकलं आणि अंगाची आग झाली. मी पाठ फिरवून झोपले. मोजे काढले नाहीत, पाय बघितले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सोलापूर जिल्हा लागला, धर्मपुरी मागे पडली. पावसाचं नाव नव्हतं. डांबर तापलेलं, तोंडात "ग्यानबा तुकाराम" आणि डोक्यात त्या बाईचं वाक्य. मागून कुणीतरी दंड धरला.

"माउली, थांब. रगत येतंय."

खाली बघितलं तर उजव्या बुटाच्या कडेला मोजा लाल झालेला. मला काहीही कळलं नव्हतं.

डोक्यावर तुळस घेतलेली एक मावशी होती, पन्नाशीच्या आसपासची. आमच्या दिंडीतली नव्हे. आपली रांग सोडून ती बाहेर आली, मला रस्त्याकडेच्या मोरीच्या कट्ट्यावर बसवलं, तुळस शेजारी ठेवली आणि माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मी "नको, नको" म्हणत राहिले, तिने ऐकलं नाही. बूट काढला, मोजा हळूहळू सोलून काढला. चवड्याखाली मोठा फोड येऊन फुटला होता, कातडी लोंबत होती. टाचेला दुसरा, भरलेला.

"दुखत न्हाई?"

"नाही."

ती पायाकडे बघत राहिली आणि मला रडू फुटलं. दुखत असतं तर रडले नसते. एवढा पाय फाटलाय आणि तो माझा वाटतच नाही, याचं रडू होतं.

तिने पिशवीतून सुई-दोरा आणि हळदीची पुडी काढली. भरलेल्या फोडातून दोरा ओवायचा, वारीत सगळे तेच करतात. मी जवळजवळ ओरडले, "सुई नको!" ती दचकली. मग मी तिला सगळं सांगितलं. सुईने जखम चिघळली तर मला कळणारही नाही, हे सांगितलं. तिने सुई दोऱ्यासकट पदराच्या कडेला टोचून ठेवली.

"कुठली गाठ?"

मी हात छातीवर ठेवला.

"माझी पिशवी काढली," ती म्हणाली. "तिसाव्या वर्षी. ऊसतोडीला जायचं म्हंजे पाळी आली की खाडा, खाडा पडला की पैसं कापतेत. डॉक्टर म्हनला काढून टाक, सगळ्याच काढीत व्हत्या. तवापासून कंबर माझी न्हाई." गेवराईकडची होती. हे सगळं तिने माझ्या पायावर बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतता ओतता सांगितलं.

माझ्या पिशवीत मलम आणि गॉज होतं. मी सांगत गेले तसं तिने लावलं. वरून जुन्या मऊ लुगड्याची पट्टी बांधली.

"घट्ट झालं का?"

"कळत नाही हो मावशी."

"मग म्या बघते." तिने पट्टीखाली बोट घालून बघितलं, सोडली, परत सैल बांधली, परत बोट घातलं.

आजारपणात माझ्यासाठी फार लोकांनी फार केलं. पण जे मला कळत नाही ते माझ्या वतीने कुणी स्वतःच्या बोटाने कळून घेतंय, असं त्याआधी झालं नव्हतं.

तिची दिंडी पार पुढे गेली होती. "कुठं जाती? रथामागंच हाय," म्हणाली. बूट गळ्यात अडकवून, पट्टीवर सैल चप्पल घालून मी चालले, तिच्या पावलाने. तिने माझा उजवा दंड धरला होता. डावा धरायचा नाही, हे एकदा सांगितलं ते तिने पंढरपूरपर्यंत विसरलं नाही. वाटेत तिला आडोशाला जायचं होतं तेव्हा तुळस माझ्या डोक्यावर दिली. एका उजव्या हाताने धरून मी उभी राहिले. रिपोर्ट हातात आला त्या दिवसापासून विठ्ठलाशी मी धड बोलले नव्हते. त्या रस्त्यावर, डोक्यावर तुळस असताना, बोलले. काय ते सांगत नाही.

नातेपुत्याला समाजआरतीला पोचलो. चोपदारांच्या हातातला दंड वर गेला आणि हजारो टाळ एका क्षणात थांबले. मी एका पायावर भार देऊन उभी होते.

रात्री ती आमची राहुटी शोधत आली. "पाय दाव." मग रोजच. माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. आमच्यातल्या एका आजींना साखरेचा आजार, त्यांचेही पाय बधिर; त्याही पाय पुढे करून बसायला लागल्या. मग आणखी दोघी. मोबाइलची बॅटरी धरायचं काम त्या मागल्या जन्मवालीने आपणहून घेतलं. तिच्याशी मी बोलले नाही, शेवटपर्यंत. उजेड मात्र ती नीट धरायची. वाखरीच्या पहाटे टँकरपाशी मी टॉवेल बाजूला ठेवून अंघोळ केली. मावशी पाठ चोळत होती. कुणी बघितलं असेल, नसेल.

१७ जुलैला एकादशी. दर्शनाच्या रांगेत उभं राहण्यासारखा पाय नव्हता, कळसाला हात जोडले. चंद्रभागेत उतरले नाही, काठावर बसून पाणी डोक्याला लावलं. ऑगस्टमध्ये तपासणी होती. रिपोर्ट नीट येऊ दे, असं उघड मागितलं.

नीट आला. पुढची तपासणी सहा महिन्यांनी.

दिवाळीनंतर मावशी मुला-सुनेबरोबर तोडीला गेली. कोपीवरून, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीवरून, मुलाच्या मोबाइलवरून तिचा फोन येतो, पाठीमागे ट्रॅक्टरचा आवाज असतो.

"पाय बघितला का?"

मी मोजे काढते, दिव्याखाली दोन्ही तळवे बघते आणि सांगते, बघितला. मग मी विचारते, "मावशी, कंबर?"

"हाय तशीच," ती म्हणते.