गॅसवर चहा करता, मग गॅसच्या सर्व्हेला विरोध का?

समुद्राच्या तळाखाली तेल-गॅस शोधण्यासाठी आवाजाचे बार सोडतात, त्या सायस्मिक सर्व्हेविरुद्ध सह्या मागत बेलापूरच्या सोसायट्यांमधून फिरले, की कोणीतरी विचारतंच, "मॅडम, तुम्ही चहा कशावर करता?" गॅसवरच. पाइपच्या. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मुंबईसमोरच्या समुद्रातल्या मुंबई हायचं तेल १९७४ साली सापडलं, तिथला गॅस इथे जवळच उरणला येतो. त्या विहिरी बंद करा, असं मी कधीच म्हटलेलं नाही. माझं भांडण नव्या शोधाशी आहे. "नुसता सर्व्हेच तर आहे, खोदतील तेव्हा बघू," म्हणणाऱ्यांना वाटतं, तलाठी येऊन मोजणी करून जाईल तसं काहीतरी असेल. इथे जहाजामागे एअरगन ओढत नेतात. दाबलेल्या हवेचे बार पाण्यात सोडायचे आणि तळाखालच्या थरांवर आपटून परतणारा आवाज कित्येक किलोमीटर लांबीच्या केबलींनी टिपायचा. दर दहा-पंधरा सेकंदांना एक बार, रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे. अटलांटिकमध्ये हे बार ३,००० किलोमीटरहून लांब ठेवलेल्या यंत्रांवर ऐकू आलेत.

कधी बाजारात मोठी घोळ मासळी कापताना बघा. मावशी पोटातली पांढरी पिशवी हलक्या हाताने सोडवून बाजूला ठेवतात. ते बोत. माशापेक्षा त्याचाच भाव जास्त. २०२१ साली पालघरच्या मुरब्याला एका बोटीला मिळालेल्या १५७ घोळी सव्वा कोटीच्या वर गेल्या, त्या बोतापायी. घोळ आणि तिच्या कुळातले मासे ही हवेची पिशवी स्नायूंनी थरथरवून आवाज काढतात, विणीच्या काळात एकमेकांना साद घालतात. आणि बाहेरच्या आवाजाचा दणका बसला, की आधी हादरते तीही हीच.

नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात १९९२ साली हे तपासून पाहिलं होतं. बार सुरू झाल्यावर कॉड माशाची पकड सरासरी निम्म्यावर आली, तीसेक किलोमीटर दूरपर्यंत. टास्मानियाजवळच्या प्रयोगात, जो २०१७ साली प्रसिद्ध झाला, एकाच एअरगनने १.२ किलोमीटरपर्यंतच्या प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांत, मेलेल्यांचं प्रमाण दुप्पट-तिप्पट केलं. प्लवकच गेले तर पिल्लांनी खायचं काय?

कंपन्या सांगतात, सुरुवातीचे बार हळू असतात, प्राणी निघून जातात. प्लवक कुठे जाणार? अरबी समुद्रातले हंपबॅक देवमासे तर बाराही महिने इथेच राहतात, स्थलांतरच करत नाहीत. ओमानच्या किनाऱ्यावर शंभरसुद्धा उरलेले नाहीत. आणि मासे निघून गेले तरी डोल जाळं खुंटाला बांधलेलं असतं, ते काही त्यांच्यामागे जात नाही. माशांना वीण घालता यावी म्हणून १ जून ते ३१ जुलै कोळ्यांनी बोटी किनाऱ्याला लावायच्या. मग समुद्र शांत झाला, की सर्व्हेचं जहाज येणार ऐन मासेमारीच्या हंगामात, आणि केबल जाते म्हणून पुन्हा यांनीच बाजूला व्हायचं!

"मग काय, कतारचा गॅस आणायचा?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २००२ साली सापडलेला गॅस बाहेर यायला २००९ उजाडलं होतं. म्हणजे उद्या सर्व्हे झाला काय आणि न झाला काय, तोवर बाहेरचा गॅस आणावा लागणारच आहे.